सहा इंचांचं अंगण

गेल्या पोंगलच्या आधी तळमजल्यावरच्या मामींना मी माझे नऊ कॅनव्हास नेऊन दाखवले. सहा बाय सहा इंचांचे, बशीएवढे. सगळ्यांवर सिक्कु कोलम, म्हणजे इथली, तमिळनाडूतली, ठिपक्यांभोवती वळसे घेणारी रांगोळी. गडद मातकट जमिनीवर पांढरी रेघ आणि काठाला गेरूची पट्टी. मामींनी एकेक हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेला, रेघेवरून बोट फिरवलं. जिथे माझा ब्रश अडखळला होता तिथे त्यांचं बोट बरोब्बर थांबलं. मग नऊच्या नऊ एकावर एक रचून परत माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "नल्ला इरुक्कु. आना, इदुवुम् स्टिकर दाने?"

छान आहे. पण हेही स्टिकरच ना?

मामींच्या तोंडी 'स्टिकर' ही काय चीज आहे हे चेन्नईत राहिल्याशिवाय कळायचं नाही. इथल्या फ्लॅटांच्या दारांपुढे प्लास्टिकचे चिकट कोलम असतात. एकदा चिकटवला की वर्षभर बघायला नको. पुसलं की स्वच्छ. कडा उचकटून काळ्या पडल्या की दुसरा आणायचा. काहीजण फरशीवर ऑइलपेंटनेच कोलम रंगवून घेतात. आमच्या वेस्ट मांबलमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं, त्यातल्या सात दारांत स्टिकर. मामी जिना चढताना त्या सात दारांकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने आता माझे कॅनव्हास बघत होत्या. मी घरी येऊन ते पलंगाखाली ढकलले आणि दोन दिवस ब्रशला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, बाई बोलली ते खोटं नव्हतं.

मी मूळची मिरजेची. रांगोळी मला नवी नाही. आईकडे एक पुठ्ठा होता, पेटत्या उदबत्तीने भोकं पाडलेला. तो जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी पसरायची, पुठ्ठा अलगद उचलला की खाली ठिपक्यांची पलटण उभी. मग ठिपका ठिपक्याला जोडायचा. कमळ, कासव, काय असेल ते, आत रंग भरायचे. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ ठिपक्याकडे जाते. ठिपका म्हणजे मुक्काम.

सिक्कु कोलममध्ये रेघ ठिपक्याला शिवतसुद्धा नाही. त्याला वळसा घालून पुढच्याकडे जाते, त्यालाही वळसा घालते, स्वतःला छेदते आणि सगळी वस्ती फिरून निघाली तिथे परत येते. ठिपका, म्हणजे पुळ्ळी, आत सुखरूप. सिक्कु म्हणजे गुंता, केसांत होतो तो. पुळ्ळ्या सरळ रांगांत असल्या तर 'नेर पुळ्ळी', एका रांगेतली पुळ्ळी वरच्या दोघींच्या फटीत बसवली तर 'इडुक्कु पुळ्ळी'. एवढ्या दोन शब्दांवर इथल्या बायका फोनवर एकमेकींना कोलम सांगतात. "पंधरा पुळ्ळी, इडुक्कु, आठपर्यंत." म्हणजे मधल्या रांगेत पंधरा, मग दोन्हीकडे एकेक कमी करत आठ. पलीकडची मान डोलावते. संपलं संभाषण. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते किराणामालाचं वाटलं होतं.

चित्रं मी आधीपासून काढायचे, जलरंगात, हौसेपुरती. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले तेव्हा भाषा येत नव्हती, ओळखी नव्हत्या आणि पहाटे साडेपाचला गॅलरीतून खाली बघितलं की मामी दिसायच्या. आधी खराट्याने झाडणं, मग बादलीतलं पाणी ओंजळीने फटकारत शिंपडणं, आपला सडाच. मग ओल्या जमिनीवर पुळ्ळ्या. त्या मांडताना त्यांची नजर जमिनीवर नसायचीच, समोरच्या रस्त्यावर कोण चाललंय तिकडे असायची. मग रेघ. गुडघे सरळ ठेवून कमरेतून वाकायच्या, आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीतून पीठ असं सुटायचं की पीठ पडतंय असं न वाटता रेघच कुठून तरी उलगडतेय असं वाटायचं. हात जमिनीपासून चार बोटं वर. सात-आठ मिनिटांत सगळं आटपून बादली उचलून आत. मी ते पाहून घाईघाईने वहीत उतरवायला जायचे आणि माझी रेघ हमखास भलत्याच जागी बाहेर पडायची.

वहीतून कॅनव्हास आला तो निव्वळ जागेच्या टंचाईने. दोन खोल्या, एक डायनिंग टेबल, त्याच्यावर मुलाचा अभ्यास. सहा इंची कॅनव्हास ताटाच्या जागेत मावतो. पहिल्या खेपेला काटकसर म्हणून ताणलेला कॅनव्हास न घेता कापडाचा तुकडाच घेतला, कडेपर्यंत रंगवला आणि मग फ्रेमवर ठोकायला दिला. कडेची सगळी वळणं फ्रेमच्या बाजूला दुमडून गेली. समोरून बघितलं तर रेघा कड्यावरून उड्या मारतायत. दोष सर्वस्वी माझा. फ्रेमवाल्याने फक्त विचारलं की हे असंच आहे का? मी हो म्हटलं. मॉडर्न आर्टचा हा एक फायदा.

खरी डोकेदुखी पुढे होती. चौकोनी कॅनव्हास म्हणून मी पाच बाय पाच पुळ्ळ्या घेतल्या. आईची युक्ती वापरली: जाड कागदाला उदबत्तीने पंचवीस भोकं, वरून खडूची पूड. आणि रेघ सुरू केली. पुळ्ळ्यांच्या मधून तिरकी, कडेला पोचली की वळून परत तिरकी, आतल्या पुळ्ळ्यांना हात न लावता. ती आपली गेली, फिरली आणि सुरुवातीच्या जागी येऊन गपकन बंद झाली. बऱ्याच पुळ्ळ्या अजून उघड्या. दुसरी रेघ काढावी लागली, मग तिसरी. एकूण पाच झाल्या. पुन्हा काढलं, पुन्हा पाच. मला हवी होती एकच, अखंड, सगळ्यांना कवेत घेणारी. तीन रात्री मी हे करत होते. शेवटी मुलाने, नववीतल्या, पाणी प्यायला जाता जाता डोकावून म्हटलं, "चार बाय पाच करून बघ." केलं. एका दमात, एका रेघेत, वीसच्या वीस पुळ्ळ्या.

"मसावि आहे ग आई. पाच आणि पाचचा मसावि पाच, म्हणून पाच रेघा. चार आणि पाचचा एक, म्हणून एक. दोन बाय चार केलंस तर दोन येतील."

मी दोन बाय चार केलं. दोन आल्या. मसावि! सातवीत ज्याने माझा छळ केला होता तो महत्तम साधारण विभाजक पंचवीस-तीस वर्षांनी माझ्या डायनिंग टेबलावर पांढऱ्या रंगात येऊन बसला होता. हे आपलं खूळ नाही हे नंतर समजलं. तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट सिरोमनी आणि राणी सिरोमनी या दांपत्याने कमला कृतिवासन यांच्याबरोबर 1974 साली कोलमच्या व्याकरणावर शोधनिबंध लिहिला होता. संगणकशास्त्रात भाषेचे नियम जसे बांधतात तसे चित्राचे नियम बांधता येतात का, हा त्यांचा प्रश्न. उदाहरण शोधायला त्यांना लांब जावं लागलं नसणार. सकाळी कॉलेजला जाताना दारोदारी पडलेलंच होतं.

मामींना मसाविचं सांगितलं. त्यांना त्यात काडीचा रस नव्हता. "अंजुक्कु अंजु पाच रेघाच येतात, सगळ्यांना माहीत आहे," असं त्यांच्या तमिळ-इंग्रजीत म्हणाल्या. "एक पाहिजे तर जिथे दोघी एकमेकींना कापतात तिथे कापू देऊ नको." आणि पिठाच्या डब्याच्या झाकणावर करून दाखवलं. दोन वेगळ्या रेघा समोरासमोर आल्या की फुली होऊ द्यायची नाही. दोघींनी आपापल्या बाजूला वळून निघून जायचं, जिन्यावर पटत नसलेल्या दोन शेजारणी जातात तशा. गंमत म्हणजे त्या अशा तोंड फिरवून गेल्या की दोन्ही मिळून एकच रेघ होते. पाच रेघांची एक करायची तर असं चार ठिकाणी करायचं. कुठली चार, हे मात्र बघून ठरवावं लागतं, कारण ज्या दोघी आधीच एक झाल्यात त्यांना वळवायला गेलात तर त्या पुन्हा फुटू शकतात. मी कागदावर रंगीत पेनांनी हिशेब मांडून केलं. मामी तिरक्या नजरेने रस्त्याकडे बघत करतात.

त्यांनी दुसरी एक गोष्ट सांगितली जी मला कुठल्याच निबंधात सापडली नसती. माझ्या रेघेत दर वितीवर एक गाठ दिसायची. ब्रश कोरडा पडतो, पुन्हा रंगात बुडवून टेकवला की तिथे फुगीर ठिपका. लांब केसांचा ब्रश आणला, रंग पातळ केला, गाठ आहेच. मामी म्हणाल्या, "चिमूटही संपतेच की. पण ती संपवायची छेदावर." म्हणजे दोन रेघा एकमेकींना ओलांडतात त्या जागी. तिथे थांबलं, नवीन चिमूट घेतली, तर सांधा वरच्या रेघेखाली झाकला जातो. बघणाऱ्याला अखंड वाटणाऱ्या रेघेत पंधरा-वीस सांधे असतात, सगळे छेदांत लपलेले. हे कळलं तेव्हा मी सकाळी खाली जाऊन त्यांच्या कोलमचे सांधे शोधत बसले. तीन सापडले. त्या म्हणाल्या, घाईत होते.

रंगांचं जमवायलाही वर्ष गेलं. ट्यूबमधला पांढरा फार थंड, ट्यूबलाइटसारखा. तांदळाच्या पिठाचा पांढरा तसा नसतो, त्यात किंचित पिवळट मऊपणा असतो. नखभर यलो ऑकर घातला की जवळपास येतो. जमिनीला बर्न्ट अंबर, थोडा काळा आणि चमक घालवणारं मॅट माध्यम. कारण कोलमची जमीन सडा घातलेली असते, गडद, पण चकाकत नाही. कडेच्या लाल पट्टीला इथे 'कावि' म्हणतात. सणाच्या दिवशी ओल्या पिठाचा कोलम घालतात, तांदूळ भिजवून वाटून त्यात बुडवलेल्या फडक्यातून बोटाने रेघ सोडत, आणि भोवती कावि. मी नाट्टु मरुंदु कडैमध्ये, म्हणजे आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात, कावि मागितली तर त्याने लाल दगडाचा खडा दिला आणि मी बघतच राहिले. ही तर काव! आजीच्या घरी तुळशीवृंदावनाला कावेनेच तर लिंपायचे. गेरू म्हणून आपण विसरलो, शब्द इथे रोज वापरात आहे. तो खडा उगाळून मी ॲक्रिलिकच्या माध्यमात कालवला. उत्तम बसला.

त्या यशाने चढून जाऊन खऱ्या तांदळाची पेस्टही तशीच कालवली. नोव्हेंबर होता. चेन्नईचा नोव्हेंबर म्हणजे पाऊस आणि दमट हवा. आठ दिवसांत रेघेवर हिरवट लव आली, आणि एका कोपऱ्यात मुंग्यांनी सव्वा इंच रेघ साफ करून टाकली. तक्रार घेऊन खाली गेले तर मामी हसून हसून बेजार. पीठ घालतात ते मुंग्यांना मिळावं म्हणूनच. आता रोज कोण तांदूळ वापरतं, एरवी हातगाडीवाल्याकडची दगडाची पूड, आपल्या शिरगोळ्यासारखी. पण शुक्रवारी आणि सणाला त्या अजूनही पीठच घालतात. "मुंग्यांना तुझ्या घराचा नंबर माहीत झाला," म्हणाल्या.

लोकांना सांगताना वेगळीच पंचाईत. तमिळनाडूत राहते आणि चित्रं काढते म्हटलं की पुण्यातली मैत्रीण विचारते, "तंजावर पेंटिंग का?" तंजावरच्या भोसल्यांच्या दरबाराने ती कला पोसली म्हणून आपल्याला ती आपलीच वाटते. सोन्याचा वर्ख, खडे, महिरपीतला बाळकृष्ण. नाही, कोलम. "म्हणजे रांगोळीच ना?" हो, म्हणजे नाही. न्यू जर्सीच्या चुलतवहिनींनी चार मागवले आणि लिहिलं, मधोमध छोटासा गणपती टाकता आला तर बरं. मी टाकला नाही. पैसे आले, पण नंतर फोन जरा कमी झाले.

तर, इदुवुम् स्टिकर दाने.

मला त्या वाक्यातलं 'स्टिकर' टोचलं होतं, पण चावी दुसऱ्याच शब्दात निघाली. तमिळमध्ये कोलम 'पोडतात'. पोडु म्हणजे घाल, टाक. चित्र काढण्याला वेगळं क्रियापद आहे, ते इथे कोणी वापरत नाही. मी मामींना सवयीने "कोलम ड्रॉ केला" म्हणायचे आणि त्या दुरुस्त करायच्या, "पोट्टेन." घातला. मग आठवलं, माझी आजी रांगोळी कधी 'काढत' नव्हती. "दारात रांगोळी घाल ग," असंच म्हणायची. सडा घालतात, पाणी घालतात, गाईला घास घालतात, तशी रांगोळी घालतात. काढायला लागलो ते आपण, शाळेत स्पर्धा आल्यावर. काढलेली गोष्ट बघायची असते. घातलेली गोष्ट दुसऱ्याच्या पदरात पडलेली असते, मग तो तुडवो की खावो. मामी दार ओलांडून आत गेल्या की मागे वळून बघत नाहीत, हे मी कितीदा पाहिलं होतं. दहाला शाळेची रिक्षा त्यावरून जाते, बारापर्यंत पांढरा डाग उरतो. आणि श्राद्धाच्या दिवशी कोलम घालत नाहीत, दार कोरं. रस्त्यावरून जाणाऱ्याला न सांगता समजतं. माझ्या नऊ कॅनव्हासांना कोरं राहायची सोयच नव्हती.

हे सगळं मला पटलं, आणि तरी मी रंगवायची थांबले नाही, हेही सांगून टाकते. कमरेतून वाकून मला येत नाही. मी प्रयत्न केला, धनुर्मासात, म्हणजे इथल्या मार्गळीत. त्या महिनाभर देवळाच्या भोंग्यावर संतकवयित्री आंडाळच्या तिरुप्पावैची तीस पाशुरं, म्हणजे पदं, रोज एक, आणि गल्लीत बायकांची चढाओढ. कोलमच्या मधोमध शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळंधमक फूल. मीही आमच्या जिन्याच्या तोंडाशी सात दिवस बसून, हो, पाटावर बसून, कोलम घातला. मागून जाणारी प्रत्येक बाई "वाकून, वाकून" म्हणून गेली. आठव्या दिवशी पाठ धरली. कॅनव्हास मला तेवढाच झेपतो.

ऑगस्टमध्ये मामी न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड. शस्त्रक्रिया नीट झाली, पण वाकायचं नाही हे डॉक्टरांनी बजावलं, आणि हे त्यांना सांगायची छाती घरात कोणाचीच नव्हती म्हणून मुलाने बंगळुरूहून फोनवर सांगितलं. त्यांच्या दारापुढचा चौक रिकामा राहू लागला. धुणीभांडीवाली मुलगी चार रेघा ओढून जायची, मामी खुर्चीतून बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. काही दिवसांनी दारात स्टिकर दिसला. सुनेने आणला होता. मी त्याच्यावर अवाक्षर काढलं नाही.

दसरा झाल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुझ्याकडे ते आहेत ना, सहा इंचवाले? काही न काढलेला आहे का? नुसती जमीन केलेला?"

होता. दोन थर दिलेला, वाळलेला, रेघेची वाट बघत असलेला. मी नेऊन दिला. त्यांनी तो मांडीवर ठेवला, तळहाताने दोनदा पुसला, स्टीलच्या वाटीतून पीठ चिमटीत घेतलं. पुळ्ळ्या मांडताना नजर खिडकीतून रस्त्याकडे. हात कापडापासून चार बोटं वर. एवढ्या लहान जागेत मी त्यांचा हात कधी पाहिला नव्हता. मनगट स्थिर, फक्त दोन बोटांची टोकं हलत होती, मीठ भुरभुरल्यासारखी. रेघ सुतळीएवढी जाड पडली, त्यांना आवडली नाही, कॅनव्हास ताटात उपडा करून पाठीवर टिचकी मारली आणि पुन्हा सुरू केलं. तिसऱ्या खेपेला जमली. चार बाय पाच होती, मी मोजलं.

मग त्यांनी मला तो उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवायला सांगितला. मी काठोकाठ भरलेल्या दुधाच्या भांड्यासारखा दोन्ही हातांनी धरून नेला, श्वास रोखून, आणि स्टिकरच्या बरोब्बर मधोमध ठेवला. दुपारी बघितलं तर एक कोपरा कुणाच्या तरी चपलेने विस्कटला होता आणि जिन्याच्या फटीतून मुंग्यांची रांग लागली होती. संध्याकाळी धुणीभांडीवाल्या मुलीने तो आत नेताना कठड्यावर झटकला.

तेव्हापासून रोज तेच चाललंय. माझ्या जमिनीवरचा मॅट थर घासून आता मध्यभागी थोडी चमक यायला लागली आहे. परत एक हात द्यावा लागेल. काल जिन्यात भेटले तर मामी म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात मार्गळी लागते, सहा इंचांत काही होत नाही, मोठा कर. किती मोठा, विचारलं. त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवला, मग वॉकर सुटतोय हे लक्षात येऊन एक हात पटकन मागे घेतला.

"पंधरा पुळ्ळी," म्हणाल्या. "इडुक्कु. आठपर्यंत."